परीक्षेत विश्वास पक्का कसा होतो : संकटात आणि मोहात काय करावे

कसोटी आणि मूस या सोनाराकडच्या दोन वेगळ्या वस्तू. कसोटीच्या दगडावर सोने घासले की त्याचा कस कळतो, पण सोने होते तसेच राहते. मुशीत आच दिली की हीण वर येते आणि ते काढून टाकता येते. बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:६-७) विश्वास अग्नीने पारखलेल्या सोन्याहून मोलाचा म्हटला आहे. नीतिसूत्रांतही (१७:३) रुप्याला मूस, सोन्याला भट्टी, तशी अंतःकरणाला परमेश्वराची पारख असते. संकट आले की कसोटीचे काम आपोआप होते : आपला विश्वास किती खोल आहे ते उघड होते. मुशीचे काम मात्र आपोआप होत नाही. वर आलेले हीण देवाच्या हाती द्यावे लागते, आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३) खडकाळ जमिनीवरचे रोप ऊन चढताच करपते, कारण त्याला मूळ नसते. चांगल्या जमिनीतले पीक त्याच उन्हात वाढते. ‘दुःखाने माणूस देवाजवळ येतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. दुःखाने कडवट झालेली, मंडळीपासून (चर्चपासून) तुटलेली माणसेही असतात. फरक पडतो तो संकट चालू असताना आपण रोज काय करतो त्याने.

एकच प्रसंग, दोन टोके

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, दुसऱ्या वचनात, नाना प्रकारच्या परीक्षा आल्या तर आनंद माना असे सांगितले आहे. तेराव्या वचनात देव कोणाला मोहात पाडत नाही असे आहे. मराठीत परीक्षा आणि मोह हे दोन शब्द झाले, पण मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकाच कुळातले शब्द आहेत : पेइरास्मोस हे नाम आणि पेइराझो हे क्रियापद. हा तपशील रोजच्या जगण्यात उपयोगी पडतो. समजा काम सुटले आहे, घरात पैशांची ओढाताण आहे. देवावर भिस्त ठेवून प्रामाणिकपणे नवे काम शोधणे हे या प्रसंगाचे एक टोक. अर्जात खोटा अनुभव लिहिणे, किंवा ज्यांचे बरे चालले आहे त्यांच्यावर मनात जळत राहणे, हे दुसरे टोक. प्रसंग एकच. पाडणाऱ्याला, म्हणजे सैतानाला, तुमचा पाय घसरायला हवा असतो, देवाला तुम्ही उभे राहायला हवे असता.

म्हणून एक वही घ्या. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एकावर लिहा : ‘या प्रसंगात देव माझ्यात काय घडवू शकतो?’ दुसऱ्यावर : ‘याच प्रसंगात माझा पाय कुठे घसरेल?’ उत्तरे मोघम नकोत. ‘संयम’ असे न लिहिता ‘आईच्या आजारपणात तिच्यावर न ओरडणे’ असे लिहा. ‘राग’ असे न लिहिता ‘रात्री दहानंतर भावाला टोचणारे मेसेज पाठवणे’ असे लिहा. वर तारीख घाला.

‘हे माझ्यावरच का आले?’ हा प्रश्न मनात येणारच आणि तो देवाला विचारायलाही हरकत नाही. मात्र उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळे थांबवून ठेवू नका. दोष नसताना सारे गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले ते वाचकाला कळते, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. तरी त्याची देवाशी भेट होते.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या. खून, चोरी, दुष्कर्म किंवा लुडबूड यामुळे होणारे दुःख आणि ख्रिस्ताच्या नावामुळे होणारे दुःख यांत पेत्र फरक करतो (१ पेत्र ४:१५-१६). हिशेबात लबाडी केल्यामुळे अडचण ओढवली असेल तर पहिली पायरी धीर धरण्याची नाही, कबुलीची आणि भरपाईची आहे. स्वतःच्या चुकीला ‘परीक्षा’ हे नाव दिले की पश्चात्तापाची वाट बंद होते.

पहिले दिवस : झोप, अन्न आणि मोठे निर्णय

कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर लगेच संदेष्टा एलीया जीव घेऊन पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले (१ राजे १९). देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. तो झोपला, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा खाऊ घातले. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर आला. संकटाच्या पहिल्या आठवड्यात झोप आणि जेवण सांभाळणे ही अध्यात्मातली कमी प्रतीची गोष्ट नाही. या काळात लांबलचक उपास धरू नका. थकलेल्या शरीराने केलेला उपास बऱ्याचदा चिडचिड आणि निराशाच वाढवतो.

सोळाव्या शतकात जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नाशियसने दिलेला एक नियम इथे फार मोलाचा आहे : मन अंधारात असताना, आधी शांत मनाने घेतलेले निर्णय बदलू नयेत. मंडळी सोडणे, लग्न मोडणे, सेवाकार्याचा राजीनामा देणे असे विचार आले तर ते वहीत तारखेसह लिहा आणि मन निवळेपर्यंत थांबा. थांबणे शक्यच नसेल तर दोन प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. त्याची दुसरी सूचना ऐकायला उलटी वाटते : प्रार्थना कोरडी वाटते तेव्हा ती आवरती न घेता ठरल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच करावी. रोज पंधरा मिनिटे करत असाल तर अशा दिवशी सतरा करा. त्या दोन मिनिटांत काही जाणवेलच असे नाही. जाणवत नसतानाही देवासमोर थांबायची सवय त्यातून लागते.

विलाप करायला शिका

संकटात प्रार्थना अडते याचे मोठे कारण म्हणजे आपल्याला वाटते की देवाशी फक्त गोड बोलावे. स्तोत्रसंहिता तसे शिकवत नाही. तिच्यातली कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. दाविद राजाच्या नावावरचे तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे आणि त्यावर सराव करता येतो.

पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे : ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणी आहे : माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना तेज दे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गायन आहे. याच क्रमाने तुमची प्रार्थना लिहून काढा. चार-पाच ओळी तक्रारीच्या, थेट देवाला उद्देशून. दोन-तीन ओळी नेमक्या मागणीच्या. शेवटी देवाने पूर्वी केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण आणि ‘तरीही मी तुझ्यावर भरवसा ठेवतो’ असे एक वाक्य. सुरुवातीला वीस मिनिटे लागतील. आठवड्यातून दोनदा करा, बाकी दिवस तेच लिखाण मोठ्याने वाचा.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, तक्रार टाळून थेट भरवशावर उडी मारणे. मग भरवशाचे शब्द ओठांवर राहतात आणि आतली कटुता जागच्या जागी. दुसरी, तक्रार देवाजवळ न करता देवाविषयी इतरांजवळ करत बसणे. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली ती अशीच, तंबूत बसून. दाविदाने तेच प्रश्न देवाच्या तोंडावर विचारले, आणि ती प्रार्थना झाली. शेवटचा भाग कधी कधी लिहवतच नाही. तेव्हा ८८वे स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपते, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

मोहाची साखळी कुठे तोडायची

याकोब (१:१४-१५) क्रम देतो : स्वतःची वासना ओढते, भुलवते, ती गर्भवती होते, पापाला जन्म देते, पाप वाढून मरण उपजवते. मोह होणे आणि पाप करणे यांत अंतर आहे. प्रभू येशूही सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (इब्री ४:१५). मनात विचार आला म्हणून ‘आता झालेच’ असे मानू नका; असे मानणारा पुढची पायरी सहज उतरतो.

२ शमुवेल अकराव्या अध्यायात दाविदाची घसरण जवळजवळ पायरीगणिक दिसते. राजे लढाईला जाण्याच्या दिवसांत तो यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी बिछान्यावरून उठून गच्चीवर फिरू लागला. एका स्त्रीला अंघोळ करताना पाहिले. चौकशी केली. उत्तर आले : ती उरीयाची बायको आहे. मग त्याने माणसे पाठवली. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) देव परीक्षेबरोबर निभावून जाण्याची वाटही देतो असे वचन आहे. दाविदासाठी ती वाट त्या उत्तरातच होती, पण तो तिच्यावरून पुढे गेला. ही वाट बहुधा अशीच साधी येते : कोणाचा तरी फोन, दारावरची थाप, अचानक आठवलेले एक नाव. ती भव्य नसल्यामुळे नजरेतून सुटते.

चौदा दिवस नोंद ठेवा. मोह जाणवला की चार गोष्टी टिपा : किती वाजले होते, कुठे होतात, शरीर कसे होते (भूक, थकवा, झोप), आणि अर्धा तास आधी काय घडले. पापाचे वर्णन लिहू नका, त्याने ते पुन्हा चघळले जाते. दोन आठवड्यांत एक-दोन ठरावीक वेळा आणि जागा समोर येतील. साखळी तिथे, पहिल्या कडीशी तोडायची : दाविदाच्या बाबतीत गच्चीवर, तुमच्या बाबतीत कदाचित रात्री फोन उशाशी घेऊन झोपण्यात, किंवा एका ठरावीक मित्रमंडळीत बसण्यात. वासना गर्भवती झाल्यावर निश्चयाच्या जोरावर थांबू म्हणणाऱ्याने स्वतःच्या शक्तीचा अंदाज चुकवलेला असतो.

पळायचे की टिकून उभे राहायचे, हेही आधी ठरवा. शास्त्र दोन्ही सांगते, पण वेगवेगळ्या जागी. जारकर्मापासून पळा (१ करिंथ ६:१८), मूर्तिपूजेपासून पळा (१ करिंथ १०:१४), द्रव्यलोभापासून पळा (१ तीमथ्य ६:९-११), तरुणपणच्या वासनांपासून पळा (२ तीमथ्य २:२२). योसेफाने आपल्याला मोहात पाडू पाहणाऱ्या पोटीफराच्या, म्हणजे मालकाच्या, बायकोशी रोज वाद जिंकला नाही. शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून तो बाहेर पळाला (उत्पत्ती ३९). आणि त्याबद्दल त्याला तुरुंग मिळाला, हेही लक्षात असू द्या : आज्ञापालनाचे फळ लगेच गोड असेल असे गृहीत धरू नका. भीती, छळ, सैतानाचे आरोप यांच्यापुढे मात्र उभे राहायचे आहे (इफिस ६:१३, १ पेत्र ५:९). ‘सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल’ हे याकोब ४:७ पुष्कळांना पाठ असते, पण त्या वचनाची सुरुवात ‘देवाच्या अधीन व्हा’ अशी आहे. ती गाळून नुसते अडवायला गेलेला माणूस एकटाच लढत असतो.

वचन हाताशी ठेवणे

अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूने तीन मोहांना तीन वचनांनी उत्तर दिले, आणि तिन्ही बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत : ८:३, ६:१६, ६:१३. हे अध्याय इस्राएलच्या अरण्यातल्या परीक्षेविषयीच बोलतात. जिथे इस्राएल घसरले तिथे तो उभा राहिला. सैतानानेही वचन वापरले, स्तोत्र ९१ मधले. म्हणून एखादे सुटे वचन पाठ करून भागत नाही; ज्या अध्यायातून ते आले तो अध्याय आधी तीनदा वाचा.

तुमच्या नोंदीत सर्वांत जास्त वेळा आलेला एकच मोह निवडा आणि त्यासाठी तीन वचने शोधा, जास्त नकोत. कागदाच्या छोट्या तुकड्यावर हाताने लिहा. पहिला आठवडा सकाळी आणि झोपताना पाच-पाच वेळा मोठ्याने म्हणा. पुढे महिनाभर रोज एकदा, न पाहता. मोहाच्या क्षणी वचन शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, आध्यात्मिक कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व अशा आठ विचारांची यादी करून प्रत्येकासाठी शास्त्रातली उत्तरे आधीच काढून ठेवली होती, ती याच कारणाने. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३९ मध्ये शास्त्राच्या अभ्यासाचे तीन नियम सांगितले : प्रार्थना, मनन आणि परीक्षा. वचन खरे, गोड आणि सामर्थ्याचे आहे हे नुसते समजत नाही, परीक्षेत अनुभवाला येते, असे त्याचे म्हणणे होते.

एक माणूस

पाडणाऱ्याला गुप्तता आवडते, हेही इग्नाशियसनेच नेमके ओळखले. एक व्यक्ती निवडा : शक्यतो तुमच्याच लिंगाची, विश्वासात तुमच्याहून जुनी, पोटात गोष्ट ठेवणारी. पाळक किंवा धर्मगुरूच हवेत असे नाही. आठवड्याला अर्धा तास, ठरलेल्या वारी. तीन प्रश्न पुरेत : कुठे मोह झाला? कुठे पडलास? देवाने वाट कुठे दिली? ‘थोडा अशक्त आहे, प्रार्थना करा’ अशा गुळमुळीत बोलण्याचा काही उपयोग होत नाही. पापाचे नाव घ्या, पण तपशील रंगवू नका. ऐकणाऱ्याने सौम्यतेने ताळ्यावर आणायचे आहे आणि स्वतःकडेही लक्ष ठेवायचे आहे (गलती ६:१).

पडलात तर

त्याच दिवशी उठा. पेत्राने प्रभूला नाकारले, यहूदाने धरून दिले. पेत्र रडला, पण पस्तावले दोघेही. यहूदा आपला पस्तावा घेऊन एकटा निघून गेला. पेत्र इतर शिष्यांमध्ये राहिला, आणि किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवाजवळ येशूने त्याला तीनदा विचारले, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ (योहान २१). नाकारलेही त्याने अशाच विस्तवाशी, तीनदा. ‘आधी महिनाभर नीट वागतो, मग देवापुढे जातो’ हा विचार नम्र वाटतो, पण तो पापाला महिनाभराची सवड देतो. १ योहान १:९ आणि ५१वे स्तोत्र घेऊन बसा, पापाचे नाव घ्या, क्षमा स्वीकारा. कोणाचे नुकसान केले असेल तर भरपाईची तारीख ठरवा. जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट द्यायचे म्हटले होते.

सोडलेल्या सवयीची जागा रिकामी ठेवू नका. झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परततो (मत्तय १२:४३-४५). ज्या तासाला पडत होतात त्याच तासाला दुसरे काही नेमून टाका : कोणासाठी मध्यस्थीची प्रार्थना, आजाऱ्याला फोन, गायनाचा सराव.

जिथे ‘सोसा’ असे म्हणू नये

घरात मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचार होत असेल, तर त्याला ‘देवाने दिलेली परीक्षा’ म्हणून तिथेच राहायला सांगणे ही शास्त्राची शिकवण नाही. येशूने शिष्यांना एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा असे सांगितले (मत्तय १०:२३). प्रेषित पौलाला दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतले तेव्हा पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. फटके मारायला बांधले तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. सुरक्षित जागी जाणे आणि कायद्याची मदत घेणे यात विश्वास कमी पडत नाही.

तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामाची इच्छा गेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव देण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे वाट पाहू नका, आजच कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. प्रार्थना चालू राहू द्या, औषधही. आणि परीक्षा मागून घेऊ नका : ‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ असे प्रभूनेच मागायला शिकवले आहे.

वाढ झाली हे कशावरून कळते

मोह बंद होतील ही अपेक्षा सोडा. लूक सांगतो की सैतान येशूला सोडून गेला तो पुढची संधी मिळेपर्यंत (४:१३). सलणारा काटा निघेलच असेही नाही. आपल्या ‘शरीरातला काटा’ काढावा म्हणून पौलाने तीनदा विनवले आणि उत्तर कृपा पुरेशी असल्याचे आले (२ करिंथ १२:८-९). तीन महिन्यांनी वही उघडून पाहा : पडल्यावर देवाकडे परतायला पूर्वी आठवडा लागत होता, आता किती? तक्रार माणसांजवळ जास्त होते की देवाजवळ? दुसरा पडल्याचे ऐकून पहिली प्रतिक्रिया काय असते? शिस्त लगेच आनंदाची वाटत नाही, तिचे फळ नंतर येते (इब्री १२:११), म्हणून रोज मोजू नका.

पेत्राला प्रभूने आधीच सांगितले होते : तू वळल्यावर आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). ज्या दुःखात तुम्हांला सांत्वन मिळाले, तशाच दुःखातल्या माणसाकडे जा. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले. तेवढे त्यांनी बरोबर केले, तोंड उघडल्यावर चुकले. पहिल्या भेटीत कारणे सांगू नका, वचनांचा मारा करू नका. जवळ बसा, जेवण झाले का ते विचारा, निघताना तेरावे स्तोत्र हळू आवाजात वाचा, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या वारी येणार ते सांगून ठेवा.